पुन्हा आकाशात : पन्नाशीतले विमानशिक्षण आणि शिकाऊ विमानाची निवड

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी लेपर्ड मॉथ नावाचे एक जुने, छोटे विमान कराचीहून एकट्याने उडवत मुंबईच्या जुहू विमानतळावर आणले. बरोबर पन्नास वर्षांपूर्वी, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, ते याच वाटेने पस मॉथ विमानातून टपालाच्या थैल्या घेऊन आले होते. १९८२ मध्ये त्यांचे वय ७८ होते. ही गोष्ट सहसा जिद्दीचा नमुना म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. पण विज्ञान शिकवणाऱ्याने तिच्याकडे थोडे वेगळ्या नजरेने पाहायला हरकत नाही. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणसाचे डोळे, हात आणि स्मरण विमान चालवण्याइतके शाबूत राहू शकतात का? आणि त्यांनी निवडले तसले साधे, हलके, संथ विमान म्हातारपणी अधिक सोयीचे की अधिक अवघड?

टाटांच्या बाबतीत एक गोष्ट मात्र लक्षात ठेवली पाहिजे. त्यांचे उड्डाण कधी दीर्घकाळ तुटले नव्हते. १९२९ साली परवाना मिळाल्यापासून ते या ना त्या विमानात बसत आले होते. आपल्याला विचार करायचा आहे तो वेगळ्या माणसाचा. समजा, मालवणच्या एखाद्या शाळेत शास्त्र शिकवणारे एक शिक्षक आहेत. कॉलेजात असताना ते एन.सी.सी.च्या हवाई विभागात होते, तेथे ग्लायडिंग केले, पुढे कर्ज काढून वीस-पंचवीस तास इंजिनाचे विमानही चालवले. मग नोकरी, घर, मुले. आता वय बावन्न. मुले मार्गी लागली आहेत आणि चिपीच्या सड्यावर ९ ऑक्टोबर २०२१ पासून विमाने उतरताना दिसू लागल्यावर जुनी हौस पुन्हा डोके वर काढते आहे. त्यांनी विचारले, “आता जमेल का? आणि कोणत्या विमानावर शिकावे?” तर काय उत्तर द्याल?

कायद्याचे उत्तर सोपे आहे. खासगी वैमानिकाच्या परवान्याला किमान वय १७ वर्षे आहे, कमाल वय नाही. प्रवासी विमाने चालवणाऱ्या व्यावसायिक वैमानिकांना ६५ व्या वर्षी थांबावे लागते, पण स्वतःच्या हौसेसाठी उडणाऱ्याला नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने मान्य केलेल्या डॉक्टरांकडून तब्येतीचा दाखला मिळत राहिला की पुरे. वय वाढते तशी हा दाखला लवकर लवकर नव्याने घ्यावा लागतो, इतकेच. म्हणून पैसे भरण्याआधी पहिली फेरी डॉक्टरांकडे मारावी. शाळेचे शुल्क भरून मग रक्तदाबाचा शोध लागणे हा क्रम उलटा झाला.

शरीर काय विसरते?

सायकल एकदा आली की विसरत नाही, असे आपण म्हणतो. विमानाच्या बाबतीत हे अर्धेच खरे आहे. हाताचे काम, म्हणजे नाक क्षितिजावर ठेवणे, वळताना हात आणि पाय यांचा मेळ घालणे, हे बऱ्याच अंशी टिकते. विसरते ते डोक्याचे काम: तपासणीचा क्रम, रेडिओवर काय आणि कधी बोलायचे, धावपट्टीभोवतीच्या फेरीत कोणत्या टप्प्यावर किती वेग हवा. अमेरिकेत १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात परवाना मिळालेल्या नवख्या वैमानिकांची आठ, सोळा आणि चोवीस महिन्यांनी पुन्हा परीक्षा घेण्यात आली. कौशल्य लक्षणीय घसरले होते, यात नवल नाही. नवल याचे, की आपले नेमके काय घसरले आहे याचा वैमानिकांचा स्वतःचा अंदाज फारसा भरवशाचा नव्हता. परीक्षेहून घरी आलेल्या विद्यार्थ्याला “पेपर कसा गेला?” असे विचारणाऱ्या शिक्षकाला हे वेगळे सांगायला नको.

दोन वर्षांत ही गत, तर पंचवीस वर्षांनी? येथे व्यावहारिक सल्ला एवढाच, की जुने तास वहीत असले तरी आपण कोरी पाटी आहोत असे धरून चालावे. जे आठवेल ते व्याज समजावे.

वयाचा स्वतंत्र परिणाम किती, हाही प्रश्न आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी चाळीस ते एकोणसत्तर या वयोगटातील ११८ वैमानिकांना तीन वर्षे दरवर्षी सिम्युलेटरवर बसवले आणि २००७ मध्ये निष्कर्ष मांडले. सुरुवातीला वयस्कर वैमानिकांचे गुण तरुणांपेक्षा कमी भरले. पण तीन वर्षांत त्यांची घसरण तरुणांपेक्षा कमी होती, आणि ज्यांचे प्रशिक्षण वरच्या दर्जाचे होते त्यांची कामगिरी अधिक चांगली राहिली. म्हणजे वयाने होणारा तोटा शिक्षणाने काही अंशी भरून निघतो. काही अंशी, पूर्ण नव्हे.

डोळ्यांची गोष्ट मात्र शिक्षणाने भरून निघत नाही. दहा वर्षांच्या मुलाला आठ-दहा सेंटिमीटरवरचे अक्षर स्पष्ट दिसते. पन्नाशीत हे अंतर चाळीस-पन्नास सेंटिमीटरपर्यंत जाते, कारण डोळ्यातील भिंगाची लवचिकता कमी होते. वैमानिकाला तीन अंतरांवर पाहावे लागते: मांडीवरचा नकाशा सुमारे चाळीस सेंटिमीटरवर, समोरची उपकरणे सुमारे सत्तर सेंटिमीटरवर आणि धावपट्टी अनंत अंतरावर. दोन भिंगांच्या नेहमीच्या चष्म्यात मधले अंतर नेमके सुटते. मग माणूस हनुवटी वर करून चष्म्याच्या खालच्या काचेतून उपकरणे वाचू लागतो. वळणात असताना डोके असे मागे-पुढे झाले की आतल्या कानातील समतोलाच्या नळ्यांतील द्रव ढवळतो आणि विमान नसलेल्या दिशेला कलल्याचा भास होतो. तेव्हा चष्मा करताना नेत्रतज्ज्ञाला उपकरणांचे अंतर मोजून सांगावे. मोठ्या आकड्यांची उपकरणे असलेले विमान मिळाले तर उत्तमच. निवडीचा हा पहिला, बहुधा दुर्लक्षिला जाणारा निकष आहे.

पंखभार : सगळ्या निवडीचे मूळ

आता विमानाकडे वळू. शिकाऊ विमान म्हटले की आपण इंजिनाची शक्ती, वेग, रूप पाहतो. पण विमानाचा स्वभाव सांगणारी संख्या वेगळीच आहे. विमानाचे वजन भागिले पंखांचे क्षेत्रफळ, म्हणजे पंखभार. पंखाच्या एका चौरस मीटरला किती किलो ओझे वाहायचे आहे, एवढाच त्याचा अर्थ.

सेस्ना १५२ हे दोन आसनी विमान घ्या. १९७७ ते १९८५ या काळात ते बनले आणि जगभरातल्या विमानशाळांत आजही दिसते. त्याचे कमाल वजन ७५७ किलो, पंखांचे क्षेत्रफळ १४.९ चौरस मीटर. पंखभार आला ५१. त्याचे चार आसनी मोठे भावंड सेस्ना १७२ हे जगात सर्वाधिक संख्येने बनलेले विमान. त्याच्या ‘एस’ या नव्या प्रकाराचे कमाल वजन ११५७ किलो, पंख १६.२ चौरस मीटर, पंखभार ७१.

विमान सरळ समतल उडत असताना पंखाचे उत्थापन वजनाइतकेच असते. उत्थापन = १/२ × हवेची घनता × वेगाचा वर्ग × पंखांचे क्षेत्रफळ × उत्थापन गुणांक. वेग कमी करत गेलो तर तेवढेच उत्थापन मिळवण्यासाठी गुणांक वाढवावा लागतो, म्हणजे विमानाचे नाक वर करून पंख हवेला अधिक तिरका धरावा लागतो. पण सुमारे पंधरा-सोळा अंशांच्या पुढे हवा पंखाच्या वरच्या पाठीला चिकटून वाहायचे सोडते आणि उत्थापन एकाएकी ढासळते. यालाच स्टॉल म्हणतात. बऱ्याच विद्यार्थ्यांना (आणि वर्तमानपत्रांना) स्टॉल म्हणजे इंजीन बंद पडणे असे वाटते. इंजिनाचा येथे संबंध नाही, पंखाचा आहे.

फ्लॅप पूर्ण खाली असताना सेस्ना १५२ चा स्टॉलचा वेग ४३ नॉट आहे. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर, तेव्हा सुमारे ८० किलोमीटर, म्हणजेच सेकंदाला २२ मीटर. वरच्या सूत्रात हवेची घनता १.२२५ घालून वर्गात हे गणित करून पाहा. उत्थापन गुणांक १.७ च्या आसपास येतो. सेस्ना १७२ साठी वेग ४८ नॉट धरला तर गुणांक १.९ येतो. म्हणजे मोठ्या विमानाचे फ्लॅप अधिक काम करतात, म्हणून त्याचा वेग पंखभाराच्या प्रमाणात वाढत नाही. अकरावीच्या मुलांना सूत्र पाठ करण्यापेक्षा हे उलटे गणित जास्त आवडते, असा अनुभव आहे.

पाच नॉटांचा फरक किरकोळ वाटेल. पण जमिनीला टेकल्यावर जी गतिज ऊर्जा चाकांनी आणि ब्रेकने जिरवायची, ती वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग या प्रमाणात असते. हिशेब केला तर १७२ ची ऊर्जा १५२ च्या जवळजवळ १.९ पट निघते. वीस वर्षांचा विद्यार्थी चूक करतो आणि क्षणात सावरतो. बावन्नाव्या वर्षी सावरायला थोडा अधिक वेळ लागतो. कमी पंखभाराचे संथ विमान हा वेळ देते. टाटांचे लेपर्ड मॉथही याच जातीचे होते: हलके लाकडी अंग, मोठे पंख, १३० अश्वशक्तीचे इंजीन.

मग पंखभार जितका कमी तितके बरे? नाही. हलके विमान वाऱ्याच्या प्रत्येक झोताबरोबर हलते. मालवणच्या किनाऱ्यावर घार आणि समुद्रगरुड शेजारी शेजारी तरंगताना पाहा. झुळूक आली की घार सतत शेपूट पिळत राहते. अंगाने जड गरुड त्याच झुळकीतून स्थिर जातो. अतिहलक्या मायक्रोलाइट विमानांचे तसेच होते. शांत पहाटे ती सुखाची, दुपारी दमवणारी.

आणखी एक गणित येथेच सांगितले पाहिजे, कारण जीव त्यावर अवलंबून असतात. विमान वळताना कलते आणि पंखावरचा भार वाढतो. ४५ अंश कलले तर भार १.४१ पट आणि स्टॉलचा वेग त्याच्या वर्गमुळाइतका, म्हणजे १.१९ पट होतो. ६० अंशांत भार दुप्पट आणि स्टॉलचा वेग १.४१ पट. फ्लॅप वर असताना १५२ चा स्टॉलचा वेग ४८ नॉट धरला, तर ४५ अंशांच्या वळणात तो ५७ आणि ६० अंशांत ६८ होतो. उतरण्यापूर्वीचे शेवटचे वळण साधारण ६० ते ७० नॉटनी घेतात. धावपट्टी ओलांडून पुढे जातो आहोत असे दिसताच माणूस घाईने अधिक कलवतो, नाक ओढतो, आणि जमीन दीडशे मीटर खाली असताना एक पंख आधी स्टॉल होऊन विमान गिरकीत जाते. जगभर लहान विमानांचे किती तरी जीवघेणे अपघात या एकाच वळणावर झाले आहेत. हाताला जुनी सवय आहे पण नजरेचा अंदाज गेला आहे, अशा परतलेल्या वैमानिकाला हा धोका विशेष. म्हणून शिकाऊ विमान स्टॉलपूर्वी थरथरून, भोंगा वाजवून, हात ढिला पडू देऊन भरपूर सूचना देणारे असावे. सेस्ना यात चांगली. आणि शिक्षकाने पहिल्या पाच तासांत पुरेशा उंचीवर नेऊन स्टॉल पुन्हा पुन्हा करून घ्यावा.

उन्हाळा, वजन आणि वारा

कोकणातला मे महिना घ्या. पारा ३५ अंशांवर, हवा दमट. प्रमाण मानलेली समुद्रसपाटीची हवा १५ अंशांची असते. निरपेक्ष तापमानात २८८ भागिले ३०८, म्हणजे घनता साडेसहा टक्क्यांनी कमी. त्यात बाष्प. पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते (रेणूभार १८ विरुद्ध २९), त्यामुळे आणखी एखादा टक्का जातो. “हवा जड झाली आहे” असे आपण दमट दिवशी म्हणतो, ते शास्त्रदृष्ट्या नेमके उलटे आहे! विमानाच्या दृष्टीने चिपीचा सडा, जो समुद्रसपाटीपासून सुमारे दोनशे फुटांवर आहे, अशा दुपारी अडीच हजार फुटांहून उंच जागी जाऊन बसतो. पंखाला, पंख्याला आणि इंजिनाला, तिघांनाही पातळ हवा मिळते. प्रमाण हवेत सेस्ना १५२ सुमारे २२० मीटर धावून जमीन सोडते. येथे त्यात पंधरा-पंचवीस टक्के भर घाला. चिपीच्या अडीच हजार मीटरच्या धावपट्टीवर त्याने काही बिघडत नाही. बिघडते ते वर चढताना. मिनिटाला सातशे फूट चढणारे विमान सहाशेवर येते, आणि विमान जुने असेल तर त्याहूनही खाली.

आणि येथेच वयाचा आणखी एक अप्रिय परिणाम आडवा येतो. विशीत ५८ किलो असलेले आपले शिक्षक आता ८५ किलोंचे आहेत. १५२ चे उपकरणांसह रिकामे वजन ५२० किलो धरू. ७५७ मधून वजा जाता २३७ किलो उरले. शिक्षक ८५, शिकवणारा ८०, पिशवी ५, राहिले ६७. विमानाच्या पेट्रोलचे लिटरला ०.७२ किलो या हिशेबाने ९३ लिटर. टाकीत वापरता येणारे इंधन नेमके तेवढेच मावते. काटा अगदी टोकावर! शिकवणारा जरा अंगाने भरलेला असेल तर टाकी अर्धी-पाऊण ठेवूनच निघावे लागेल. शिकवणीच्या तास-दीड तासाला ते पुरते, कारण हे विमान तासाला साधारण २३ लिटर पिते. पण हा हिशेब उड्डाणापूर्वी कागदावर झाला पाहिजे. शिवाय १५२ च्या आत दोघांना मिळून जेमतेम एक मीटर रुंदी असते. गुडघे आणि पाठ यांच्या तक्रारी असतील तर आधी विमानात नुसते बसून, पायाने सुकाणू पूर्ण दाबून पाहावे. माझे मत विचाराल तर ८० किलोंच्या वरच्या माणसाने आढेवेढे न घेता सेस्ना १७२ किंवा तिच्या तोलाचे विमान घ्यावे. तासाचा खर्च वाढतो, पण मे महिन्यात हाताशी थोडी जास्तीची शक्ती असणे खर्चाहून मोलाचे.

वाऱ्याचे गणित किनाऱ्यावर फार सुरेख समजते. भूगोलात आपण खारे आणि मतलई वारे शिकवतो. सकाळी जमीन समुद्रापेक्षा थंड, म्हणून वारा जमिनीकडून समुद्राकडे, तोही मंद. दहा-अकरानंतर जांभ्याचा सडा तापतो आणि पश्चिमेचा, बहुधा वायव्येकडे झुकलेला खारा वारा सुरू होतो. चिपीची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. विमान वाऱ्याला सामोरे जाऊन उडते आणि उतरते, म्हणजे सकाळी पूर्वेकडे तोंड करून आणि दुपारी पश्चिमेकडे. आता वारा नेमक्या वायव्येकडून १५ नॉटचा असेल, तर धावपट्टीशी ४५ अंशांचा कोन झाला. आडवा घटक १५ × ०.७०७, म्हणजे साडेदहा नॉट. सेस्ना १५२ साठी कंपनीने करून दाखवलेला आडवा वारा १२ नॉट आहे, १७२ साठी १५. परतलेल्या वैमानिकाने स्वतःची मर्यादा याच्या निम्मी ठेवावी. साडेदहा नॉट विमानाला झेपेल, त्याला नाही. पुन्हा सड्याच्या कडेवर चढणारा वारा आधी उचलतो आणि कडेच्या मागे खाली दाबतो, हेही ध्यानात हवे. (चिपीचे उदाहरण केवळ हवेचे गणित समजावे म्हणून घेतले. शिकण्यासाठी महाराष्ट्रात बारामती, गोंदिया, धुळे येथील शाळांकडे पाहावे लागते. पण धुळ्याला किंवा बारामतीलाही मे महिना असतोच.)

जून ते सप्टेंबर कोकणात ढग इतके खाली असतात की डोळ्यांनी पाहून उडणे अशक्यच. घाटापलीकडेही पावसाळ्यात तास वाया जातात. शिक्षकाची मोठी सुटी नेमकी मे महिन्यात येते, ही पंचाईत आहे. तरीही एकाच सुटीत चाळीस तास कोंबण्यापेक्षा दिवाळीच्या सुटीत पंधरा-वीस, मग दर पंधरवड्याला एखादा शनिवार-रविवार, अशी मांडणी स्मरणाला मानवते. अभ्यासात जे आपण मुलांना सांगतो तेच.

तीन चाके की शेपटीचे चाक?

जुनी शिकाऊ विमाने, म्हणजे पुढे दोन मोठी चाके आणि मागे शेपटीखाली छोटे एक. यात विमानाचा गुरुत्वमध्य मोठ्या चाकांच्या मागे येतो. दोन चाकांची ढकलगाडी पुढून ओढली तर सरळ येते. मागून जोरात ढकलली की जराशा कोनाने गर्रकन फिरू पाहते. शेपटीच्या चाकाचे विमान जमिनीवर या दुसऱ्या गाडीसारखे वागते. पायांनी सतत सांभाळले नाही तर ते स्वतःभोवती फिरते. नाकाखाली चाक आले की गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे जातो आणि विमान आपोआप सरळ होऊ पाहते.

भारताचे पहिले स्वदेशी शिकाऊ विमान एच.टी.-२ हे शेपटीच्या चाकाचे होते. त्याची रचना डॉ. विष्णू माधव घाटगे यांची. कोल्हापूरकडचे हे शास्त्रज्ञ जर्मनीत ग्योटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकले. पंखाला लगटून वाहणाऱ्या हवेच्या पातळ थराचा, म्हणजेच मघाच्या स्टॉलमागच्या कारणाचा, सिद्धान्त मांडणारे तेच हे प्रांटल. १९५१ साली एच.टी.-२ उडाले आणि वायुदलाच्या वैमानिकांच्या कित्येक तुकड्या त्यावर घडल्या. त्याच्या जागी आले एच.पी.टी.-३२ ‘दीपक’. नाकाखाली चाक, शिक्षक आणि शिष्य शेजारी शेजारी, २६० अश्वशक्तीचे इंजीन. कागदावर सर्व दृष्टींनी सोयीचे. प्रत्यक्षात इंजीन हवेत बंद पडण्याच्या घटना वारंवार घडल्या, आणि इंजीन बंद पडल्यावर हे विमान फार दूर तरंगत जात नसे. ३१ जुलै २००९ रोजी आंध्र प्रदेशात (आताच्या तेलंगणात) मेदक जिल्ह्यात अपघात होऊन दोन वैमानिक गेले, आणि त्यानंतर सगळी दीपक विमाने जमिनीवर बसवण्यात आली. तोवर १७ अपघातांत १९ वैमानिकांचे प्राण गेले होते. पुढे चार वर्षे नवशिक्यांना थेट किरण या जेट विमानावर शिकवावे लागले. २०१३ मध्ये स्वित्झर्लंडची पिलाटस पी.सी.-७ आली तेव्हा ही ओढाताण थांबली.

नागरी शिक्षणाशी या प्रकरणाचा काय संबंध? इंजीन थांबल्यावर विमान किती दूर जाते हा प्रश्न विकत घेणाऱ्याने, भाड्याने घेणाऱ्यानेही, आधी विचारला पाहिजे. सेस्नाचे प्रमाण नऊास एक आहे: तीनशे मीटर उंचीवरून सुमारे पावणेतीन किलोमीटर. समुद्रावर गेलात आणि इंजीन थांबले तर वाळूपर्यंत पोहोचायचे की नाही, ते याच भागाकाराने ठरते. समोरून मतलई वारा असेल तर त्याहूनही कमी. शेपटीच्या चाकाबद्दल म्हणाल, तर त्याने पाय तयार होतात हे खरे. पण ती हौस परवाना हातात आल्यावर.

वरचा पंख की खालचा, यावर वैमानिक तासन्‌तास वाद घालतात. वरच्या पंखामुळे खालची जमीन दिसते आणि सावली मिळते; खालच्या पंखामुळे वळणात आतली बाजू दिसते. बेंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने बनवलेले ‘हंसा’ खालच्या पंखाचे आहे. त्याचा पहिला नमुना १९९३ मध्ये उडाला आणि सुधारित हंसा-एन.जी. ३ सप्टेंबर २०२१ रोजी. माझ्या मते पंखाच्या जागेवरून निवड करू नये. उन्हात उभ्या असलेल्या विमानात बसून पाहा, सावलीची किंमत लगेच कळते.

हंसाचे दुसरे वैशिष्ट्य अधिक महत्त्वाचे: त्याचे अंग काचतंतूंचे आहे. मालवणात लाकडी होड्यांच्या जागी फायबरच्या होड्या का आल्या, हे मुलांना ठाऊक असते. सेस्नाचे अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे, हजारो रिव्हेटांनी जोडलेले. खाऱ्या हवेत रिव्हेटच्या कडेला पांढरी भुकटी दिसू लागली की धातू आतून खाल्ला जातो आहे असे समजावे. चाळीस वर्षांचे विमान निकामी नसते, पण ते समुद्राकाठी उभे होते की धुळ्याच्या कोरड्या हवेत, याने फार फरक पडतो. होडीचे इंजीन गोड्या पाण्याने धुऊन ठेवणाऱ्या कोळ्याला हे कोणी शिकवावे लागत नाही. काचतंतूंना गंज लागत नाही. पण आत बसलेला मार बाहेरून दिसत नाही आणि दुरुस्तीला खास हात लागतो.

इंधनाचेही पाहावे. सेस्नासारख्यांना निळसर रंगाचे, शिसेयुक्त विमान-पेट्रोल लागते. ते भारतात बाहेरून येत असे. इंडियन ऑइलने ते बडोद्याला बनवून २०२२ पासून बाजारात आणले. डायमंड डी.ए.४० सारख्या काही विमानांत जेटच्या केरोसिनवर चालणारी डिझेल जातीची इंजिने असतात. शाळा जेथे आहे तेथे कोणते इंधन भरवशाने मिळते, ते विचारून घ्यावे. इंधन नाही म्हणून आठवडा गेला की स्मरणाची घसरण पुन्हा सुरू.

नव्या विमानांत गोल तबकड्यांच्या जागी दूरचित्रवाणीसारखे पडदे असतात. आकडे मोठे आणि उजळ, म्हणून पन्नाशीच्या डोळ्यांना सोयीचे. पण ज्याने तबकड्यांवर शिक्षण घेतले त्याला काट्याच्या कोनावरून वेग समजतो; पडद्यावर तो आकडा वाचावा लागतो. शिवाय पडद्याच्या पोटात पानांमागे पाने असतात आणि ती चाळताना नजर बाहेरून आत अडकते. पडदे हवे असतील तर त्यांचा सराव आधी घरच्या संगणकावर पुरेसा करावा. आणि एकदा निवडलेले विमान परवाना मिळेपर्यंत बदलू नये. शाळेत तीन तऱ्हेची विमाने असतील आणि रोज जे मोकळे असेल ते मिळणार असेल, तर दुसरी शाळा पाहावी.

शाळेत चौकशीला गेल्यावर विमानाची देखभाल-वही मागावी. शंभर तासांची तपासणी केव्हा झाली, कोणती तक्रार दोनदा लिहिली गेली आहे, ते वाचावे. वही दाखवायला टाळाटाळ झाली तर चहा पिऊन परत यावे. शिकवणाऱ्याशीही अर्धा तास बोलावे. तो बहुधा आपल्या विद्यार्थ्यांच्या वयाचा, पंचविशीचा असेल, आणि “सर” म्हणून संकोचाने चुका दाखवायच्या टाळेल. त्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे, की विमानात सर तो आहे.